४,८७० किलोमीटर, ३१ महिने आणि चेंबरमधला गाळ

गाडी टो करून आली नाही, चालत आली. पाहताक्षणी मला तेच खटकलं. डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकत होता आणि बॉनेटखालून शिलाई मशिनसारखी टकटक ऐकू येत होती. मी हात करून गाडी माझ्या गॅरेजच्या दारातच थांबवली, इंजिन बंद करायला लावलं आणि उरलेले पंधरा फूट पोरांनी ती ढकलत आत घेतली.

गाडी होती २०१५ची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मीटरवर ५२,३०० किलोमीटर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता आणि हीच गोष्ट कुठल्याही गाडीत घडू शकते. गाडीच्या मालकीणबाई म्हणजे आम्हाला शाळेत गणित शिकवलेल्या बाई. आता निवृत्त. त्यांचे यजमान, म्हणजे सर, होते तोवर गाडी तेच चालवत, पुणे-मुंबई करत. सर गेल्यावर बाई चालवायला शिकल्या. त्यांचं वय तेव्हा चौसष्ट. कराडच्या मंडईतल्या गर्दीत त्या गाडी किती शांतपणे काढतात ते मी पाहिलंय.

"बाई, दिवा पहिल्यांदा कधी लागला?"

"किणीच्या टोलनाक्यावर. कोल्हापूरला लग्न होतं, भाचा गाडी चालवत होता. रांगेत उभे होतो तेव्हा लागला. पुढे गाडी पळायला लागली की विझायचा. तो म्हणाला, सेन्सर गेला असेल, सगळ्यांचाच लागतो."

किणी ते कराड पन्नासएक किलोमीटर. तेवढं अंतर ते गाडी पळवत आले. घरी आल्यावर दोन दिवसांनी बाईंनी जवळच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथं ऑइलचं झाकण उघडल्यावर खालून लोण्यासारखा पिवळट पांढरा थर निघाला. हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल, ३८,००० रुपये, असं त्यांना सांगण्यात आलं. बाईंना आकडा पटला नाही. आकड्यापेक्षाही कारण पटलं नाही.

"अरे, मी गाडी इतकी जपून वापरते. चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही. आणि सर्व्हिसिंग दहा हजाराला असतं ना? अजून पाच हजारसुद्धा झाले नाहीत."

या एका वाक्यात सगळं प्रकरण आहे. म्हणूनच ते सविस्तर लिहायला बसलो. बाईंनी पुस्तिकेतली अर्धी ओळ वाचली होती. पूर्ण ओळ अशी असते: दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. शेवटचे चार शब्द लोक वाचत नाहीत. वाचले तरी ते कंपनीनं धंद्यासाठी घातलेत असं समजतात.

वही

माझं निदान पक्कं झालं त्याचं अर्धं श्रेय बाईंच्या वहीला आहे. गाडीच्या कप्प्यात दोनशे पानी वही, त्यात सरांच्या हातचे आणि नंतर बाईंच्या हातचे रकाने: तारीख, मीटर, पेट्रोल किती लिटर, किती रुपये. शेवटचं ऑइल सरांनी ऑक्टोबर २०२१मध्ये बदललेलं, मीटर ४७,४३०. गाडी माझ्याकडे आली मे २०२४मध्ये, मीटर ५२,३००. म्हणजे ३१ महिन्यांत ४,८७० किलोमीटर.

रोजचं चालणं कुठलं? सकाळी मंडई, दीड किलोमीटर. परत. संध्याकाळी देऊळ किंवा बहिणीचं घर, पुन्हा तेवढंच. बाईंनी स्वतःच भागाकार करून दाखवला: सरासरी फेरी दीड किलोमीटरची धरली तर सव्वातीन हजारांच्या आसपास वेळा इंजिन चालू झालं आणि गरम व्हायच्या आत बंद झालं. वहीत आणखी एक गोष्ट दिसत होती. सरांच्या काळात गाडी लिटरला सोळा-सतरा द्यायची, शेवटच्या वर्षात अकरा-बारावर आली होती. बाईंनी ते गर्दीमुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं. ३१ महिन्यांचं एकूण पेट्रोल साधारण ४०० लिटर.

हा ४०० लिटरचा आकडा ध्यानात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

संशयाची छाननी

झाकणाखाली पांढरा थर दिसला की बहुतेक मेकॅनिकांच्या मनात पहिलं नाव हेड गॅस्केटचं येतं. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं हे सील फाटलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये उतरतो आणि दोन्ही घुसळून तसाच थर बनतो. त्यामुळे आधीच्या गॅरेजचा संशय वावगा नव्हता. पण संशय आला की तो तपासायचा असतो, थेट बिलात घालायचा नसतो.

कूलंटच्या बाटलीत पातळी बरोबर होती आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे वर्षभरात भर घातलेली नव्हती. रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावला, एक बारपर्यंत हवा भरली आणि अर्धा तास तसाच ठेवला. काटा हलला नाही. इंजिन चालू असताना कूलंटमध्ये बुडबुडे नाहीत, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ होतं. गॅस्केट शाबूत होतं.

मग ऑइलकडे वळलो. ऑइलची पातळी मोजायची कांडी ओढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, आणि ते कांडीवरून ओघळत नव्हतं, चिकटून बसलं होतं. इथं दोन साध्या तपासण्या केल्या. त्यांना यंत्र लागत नाही आणि मला वाटतं प्रत्येक गॅरेजात त्या व्हायला हव्यात.

पहिली टीपकागदाची. कांडीवरचा एक थेंब टीपकागदावर सोडायचा आणि तासभर ठेवायचा. शेजारी दुसऱ्या एका गाडीच्या, ६,००० किलोमीटर चाललेल्या ऑइलचा थेंब सोडला. त्या दुसऱ्या थेंबाचा डाग मोठा पसरला, मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेलेला राखाडी. बाईंच्या गाडीच्या थेंबानं मध्ये कोळशासारखा काळा गोल केला, त्याची कड पेन्सिलीनं आखल्यासारखी, आणि भोवती नुसतं पिवळं तेलकट कडं. ऑइलमध्ये काजळी आणि घाण तरंगत ठेवणारं एक रसायन मिसळलेलं असतं. ते जिवंत असेल तर घाण तेलाबरोबर पसरते. ते संपलं की घाण एका जागी बसते. जे कागदावर झालं तेच चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, झालेलं असणार.

दुसरी तव्याची. पत्र्याचा तुकडा हॉट प्लेटवर तापवला आणि त्यावर ऑइलचा थेंब टाकला. चांगलं ऑइल नुसतं धुरावतं. हे तडतडलं, फोडणीत ओली मोहरी पडावी तसं. ऑइलमध्ये पाणी होतं. कूलंट जागच्या जागी असेल तर हे पाणी आलं कुठून?

पाणी कुठून आलं

पेट्रोल जळलं की धूर होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पाणी होतं हे फार कमी जणांना. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि वाफ तयार होते. हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी. ४०० लिटर पेट्रोल जळलं म्हणजे ४०० लिटर पाणी तयार झालं. त्यातलं जवळजवळ सगळं सायलेन्सरमधून बाहेर जातं, थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून टपटपतं ते हेच. पण पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमी खाली निसटतो, इंजिन नवंकोरं असलं तरी. त्याच्याबरोबर वाफ, न जळलेलं पेट्रोल, काजळी आणि नायट्रोजनचे आम्ल करणारे वायू चेंबरमध्ये उतरतात.

गाडी रोज वीस-पंचवीस किलोमीटर पळत असेल तर यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑइल तापतं, पाणी आणि पेट्रोल उडून जातं, पीसीव्ही व्हॉल्व्ह नावाच्या झडपेतून ही वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाते आणि जळून जाते. दीड किलोमीटरच्या फेरीत मात्र ऑइल कोमटसुद्धा होत नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा फसवतो, कारण तो पाण्याचं तापमान दाखवतो, ऑइलचं नाही. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. त्यात थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल पाजतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं. म्हणजे ज्या फेऱ्यांत घाण सर्वांत जास्त तयार होते, त्याच फेऱ्यांत ती उडून जायची संधी नसते. बाईंची प्रत्येक फेरी अशी होती.

पाणी आणि आम्ल वाढत गेलं की ऑइलमधला आम्ल मारणारा अंश खर्ची पडतो. मग घाण तरंगत ठेवणारा अंश खर्ची पडतो. त्यानंतर ऑइल स्वतः बिघडतं, दाटतं, आणि धातूवर चिकटून बसतं.

या गाडीत आणखी एक भर होती. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व्ह आत खुळखुळतो. हा मुका होता, डिंक भरल्यासारखा बसलेला. आधी गाळ झाला म्हणून व्हॉल्व्ह बसला की व्हॉल्व्ह बसला म्हणून गाळ झाला, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. माझ्या अनुभवात दोन्ही एकमेकांना ओढत नेतात.

आता किणीच्या नाक्याकडे येऊ. ३१ महिन्यांत पहिल्यांदाच ते ऑइल मे महिन्याच्या उन्हात, हायवेवर, सलग तासभर पुरतं तापलं. साठलेलं बरंचसं पेट्रोल आणि पाणी उडालं आणि ऑइलची खरी पातळी उघडी पडली. रोज कांडी पाहिली असती तरी पातळी ठीक दिसली असती, कारण कमी झालेल्या तेलाची जागा पेट्रोल-पाण्यानं भरली होती. त्याच वेळी गरम ऑइलनं भिंतीवरचा गाळ मऊ केला. तो सुटला आणि ऑइल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडावरच्या जाळीवर जाऊन बसला. नाक्यावर गाडी आयडलिंगला आली, पंप हळू फिरू लागला, बुजलेल्या जाळीतून पुरेसं ऑइल येईना, दिवा लागला. रेस वाढली की पंप जोर लावून ओढायचा, दिवा विझायचा. भाच्याला वाटलं बरं झालं.

दिव्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे इंजिनं जातात. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. आणि दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच लागतो. पिवळा दिवा सांगतो की लवकर दाखवून घ्या. हा लाल दिवा सांगतो की आत्ता, इथेच, बंद करा. टोलनाक्याच्या रांगेत असलात तरी.

गेजचा आकडा

सेन्सर गेल्याची शक्यता संपवायची होती. पातळीपुरतं ऑइल भरलं, प्रेशर स्विच (दिवा लावणारा सेन्सर) काढून त्या जागी काट्याचं गेज बसवलं आणि इंजिन मोजून तीन मिनिटं चालवलं. आयडलिंगला ०.३५ बार. २,००० आरपीएमला १.१. अशा इंजिनाला मी आयडलिंगला एकच्या आसपास आणि २,००० ला दोनच्या पुढे अपेक्षा धरतो. पातळी पूर्ण असूनही दाब नव्हता. स्विच खरं बोलत होता.

इथं दोन रस्ते होते. एक, ऑइल बदलून फ्लशची बाटली ओतायची. दोन, चेंबर उतरवायचं. ग्राहकाला पहिला रस्ता स्वस्त वाटतो, दोन तासांत गाडी हातात मिळते. मी तो घेतला नाही. फ्लशमधलं रसायन गाळ विरघळवतं त्यापेक्षा जास्त सुटा करतं. सुटलेला गाळ जाणार कुठे? त्याच जाळीवर. आधीच ०.३५ वर असलेला दाब शून्यावर यायला वेळ लागत नाही, आणि क्रँकचं बेरिंग धरलं की ३८,००० चा आकडाही कमी वाटायला लागतो. किरकोळ डिंक असलेल्या इंजिनाला फ्लश चालेलही. दिवा लागलेल्या इंजिनाला नाही. आपल्याकडे ऑइल काढून डिझेल भरायचं आणि इंजिन फिरवायचं, असाही एक जुना उपाय आहे. कृपा करून करू नका. डिझेल बेरिंगमध्ये वंगणाचा पडदा धरू शकत नाही. ती पाच मिनिटं धातूवर धातू घासत असतो.

बाईंना टीपकागद दाखवला, गेजचा आकडा दाखवला. त्यांनी विचारलं, "चेंबर उघडल्यावर बेरिंग खराब निघाले तर?" मी म्हणालो, "मग आणखी खर्च आहे, पण तो तेव्हाच तुम्हाला दाखवून सांगेन." त्यांनी होकार दिला.

उघडल्यावर

चेंबरच्या तळाचा बोल्ट काढला. पहिली काही सेकंदं काहीच आलं नाही. तारेनं छिद्र मोकळं केल्यावर ऑइल आलं, धारेनं नाही, लोंबत. मोजलं तर २.६ लिटर. त्याला जळकट आणि वर पेट्रोलचा वास.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उचललं. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना एका ओळीत सांगता येईल: काहिलीच्या कडेला रस आटून करपून बसतो, तसा थर. कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा भरून सपाट झालेल्या. बोट लावलं तर वरून मऊ, दह्यासारखं, आणि खाली नखालाही दाद न देणारं. कॅमशाफ्ट तेवढी चकचकीत, कारण ती फिरत होती. बाकी सगळं काळं.

चेंबर उतरवायला वेळ लागला, कडेचं सिलिकॉन घट्ट धरून होतं. तळाशी बोटभर गाळ. लाकडी पट्टीनं खरवडून एका पिशवीत भरला आणि काट्यावर ठेवला: ३८० ग्रॅम. पंपाची जाळी उलटी करून उजेडात धरली. चारातले तीन भाग बुजलेले, एका कोपऱ्यातून उजेड येत होता. तेवढ्या कोपऱ्यातून हे इंजिन तेल पीत होतं.

मग बेरिंग. पंपापासून सर्वांत लांबचं बिग एंड, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारं बेरिंग, उघडलं, कारण लांबच्या बेरिंगची आबाळ जास्त होते आणि या इंजिनात ते जागेनं सोयीचंही होतं. शेलवर बारीक रेघा होत्या, पण वरचा थर कुठे उडालेला नव्हता, खालचं तांबं दिसत नव्हतं. नख फिरवलं, अडकलं नाही. जुना ऑइल फिल्टर कापला, आतला घडीचा कागद उलगडून उन्हात पसरला. काळा आणि चिकट, पण चमचम नाही. लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. इथं मी सुटकेचा श्वास सोडला. बाई बाकड्यावर बसून सगळं पाहत होत्या. त्यांना तो कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "म्हणजे वाचलं?" म्हटलं, "वाचलं, बाई."

सफाईला दीड दिवस लागला. चेंबर, कव्हर, जाळी हे सुटे भाग केरोसीनमध्ये भिजत घातले आणि ब्रशनं धुतले. हेडवरचा थर प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढला, प्रत्येक ऑइलच्या छिद्रात आधी चिंधीचा बोळा बसवून, म्हणजे एकही ढेकूळ आत जाणार नाही. बोळे मोजून घातले आणि मोजून काढले. नखाला दाद न देणारा खालचा थर मुद्दाम राहू दिला. खरवडला असता तर त्याचे कण कुठे जातील याचा भरवसा नव्हता, आणि तो थर नव्या ऑइलनं सावकाश उतरतो.

नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, नवं कव्हर गॅस्केट, नवा प्रेशर स्विच, फिल्टर. ऑइल गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या ५डब्ल्यू-३० ग्रेडचंच, पण स्वस्तातलं, कारण ते फार दिवस ठेवायचं नव्हतं. ठरवलं असं: ५०० किलोमीटरला पुन्हा बदलायचं, त्यानंतर हजाराला पुन्हा, आणि तिसऱ्या वेळी सिंथेटिक. रिकामे डबे मी खिळ्यानं भोक पाडूनच टाकतो. बाजारात जुन्या डब्यांत भलतंच तेल भरून विकलं जातं, आपल्या डब्यानं ते पाप होऊ नये. काढलेलं जळकं ऑइल शेजारच्या शेतकऱ्यानं वाळवीसाठी खांबांना लावायला मागितलं. त्याला नाही म्हणालो. ते घातक कचऱ्यात मोडतं, मातीत आणि विहिरीत उतरतं. पिंपात साठवून ते परवानाधारक पुनर्वापरवाल्याकडेच द्यायचं असतं.

दोष कुणाचा

बाईंनी बिल देताना विचारलं, चूक माझीच ना? हा प्रश्न जगात मोठ्या प्रमाणावर विचारला गेलेला आहे. अमेरिकेत १९९७ ते २००२च्या टोयोटा आणि लेक्सस गाड्यांत, ३.० लिटरच्या व्ही-६ आणि २.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनांत, असाच गाळ साठल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीचं म्हणणं होतं की मालक वेळेवर ऑइल बदलत नाहीत. मालकांचं म्हणणं होतं की आम्ही बदललंय. शेवटी २००२मध्ये कंपनीनं सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी खास सवलत जाहीर केली: गाडी पहिल्यांदा विकल्यापासून आठ वर्षं, किलोमीटरची अट न घालता, गाळामुळे झालेलं नुकसान भरून देऊ, मालकानं देखभाल केल्याचा वाजवी पुरावा दाखवावा. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या १.८ लिटर टर्बो इंजिनांवरही त्याच काळात असा प्रसंग आला होता.

मला यातून समजलं ते एवढंच, की काही इंजिनं हलगर्जी सहन करतात आणि काही करत नाहीत. ऑइल कमी मावणारं, हेड जास्त तापणारं किंवा टर्बो असलेलं इंजिन चुकीला जागा देत नाही. म्हणून बाईंना मी खरं तेच सांगितलं: बदलायला उशीर झाला ही चूक, पण तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही ही आमच्या धंद्याची चूक. आम्ही काचेवर स्टिकर लावतो त्यावर पुढच्या सर्व्हिसिंगचे किलोमीटर ठळक लिहितो आणि तारखेची जागा मोकळी सोडतो. मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच केलंय. त्या आठवड्यापासून तारीख वर लिहितो, किलोमीटर खाली.

आणि "जपून वापरते" याचा अर्थही बदलायला हवा. हळू आणि थोडी चालवलेली गाडी इंजिनाच्या लेखी जपलेली नसते. रोज पुणे-सातारा करणाऱ्या टॅक्सीचं ऑइल दहा हजारालाही धड असतं, आणि मंडईपुरत्या गाडीचं सहा महिन्यांत बसू शकतं. पुस्तिकेच्या मागच्या पानांवर कंपन्या खडतर वापर म्हणून लहान फेऱ्यांचा उल्लेख करतात आणि त्यासाठी मुदत कमी देतात. दीड किलोमीटर मंडईला जाणं हा खडतर वापर आहे, हे कुणाला पटत नाही. इंजिनाला पटतं.

खर्च: ऑइल तिन्ही वेळचं मिळून ४,५५०, तीन फिल्टर ३९०, गॅस्केट ९००, सिलिकॉन ३५०, पीसीव्ही व्हॉल्व्ह ६५०, स्विच २८०, मजुरी ४,५००. एकूण ११,६२० रुपये. वेळच्या वेळी ऑइल-फिल्टर बदलायला वर्षाला अडीच हजार लागले असते.

पुढे काय झालं

पहिल्या दिवशी, सफाईनंतर, गरम आयडलिंगला ०.९ बार आणि २,००० ला २.४. टकटक अर्ध्या तासात कमी झाली.

बाईंना एक पथ्य सांगितलं: आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास पळवायची, ऐंशीच्या आसपास. त्या दर रविवारी सकाळी उंब्रजपर्यंत जाऊन येऊ लागल्या, पस्तीसएक किलोमीटर. पहिल्या रविवारी भाचा शेजारी बसला होता, नंतर एकट्या.

जुलैच्या मध्यात ५०० किलोमीटर झाले. ऑइल काढलं तर काळंकुट्ट. बाई घाबरल्या. खरं तर ते पाहून मला बरं वाटलं, कारण नवं ऑइल जुना थर उतरवून आपल्यात घेत होतं. ऑइल काळं झालं म्हणजे वाया गेलं असं नाही, घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. टीपकागदावर डाग पसरलेला होता. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, तिसऱ्यांदा बदललं. या वेळी दाब १.० आणि २.६. मे २०२५मध्ये ऑइलचं झाकण काढून टॉर्च मारला तर कॅमच्या शेजारची ओतीव धातूची जागा दिसली, तपकिरी पण स्वच्छ. झाकणाखाली पांढरं काही नाही. वहीप्रमाणे गाडी लिटरला साडेचौदा देत होती.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी चालू केलं की दोन सेकंद चेनचा खडखडाट येतो, मग जातो. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्याच्या बारीक वाटेत थोडा गाळ उरला असेल, किंवा त्या पन्नास किलोमीटरांत चेन ताणली गेली असेल. बाईंना हे सांगून ठेवलंय. आवाज दोनाचा तीन सेकंद झाला तर पुढचं कव्हर उघडायचं. त्यासाठी बाईंनी वहीत नवा रकाना आखलाय, रोज सकाळी त्यात सेकंद लिहितात. पुढची तारीख नोव्हेंबर २०२५. तेव्हा गेज पुन्हा लावणार आहे.